वारा पाहणाऱ्यांची कैफियत

मृग लागला, की शेगावच्या परिसरातील कास्तकार वखरलेल्या वावराच्या धुऱ्यावर उभा राहून आभाळ न्याहाळू लागतो. आणि त्याला तसा पाहिला, की वाऱ्याचा रोख व ढगांची चाल पाहत बसणारा पेरणीला आणि कापणीलाही मुकतो, असे बजावणारा बायबलातील ‘उपदेशक’ मला हटकून आठवतो. कोणते बी रुजेल हे मनुष्याला कळत नाही, म्हणूनच त्याने सकाळीही पेरावे आणि संध्याकाळीही हात आखडू नये, असे हा जुना संशयात्मा म्हणतो. अज्ञानाला आळसाची सबब न मानता कर्माचे कारण मानण्याची ही त्याची तऱ्हा मला मोठी लोभस वाटते.

परंतु पूर्णाकाठच्या या खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे मचूळ पाणी पिकाला मानवत नाही आणि सारी भिस्त आभाळावर, तेथे पहिल्या सरीला भुलून सरकी टोबली आणि मागाहून पावसाने खंड दिला, तर दुबार पेरणीसाठी सावकाराची पायरी चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असे कृषी खातेही बजावते. तेव्हा धुऱ्यावरच्या त्या उभ्या माणसाला कचखाऊ ठरविण्यापूर्वी उपदेशकानेही क्षणभर थांबावे. रस्त्यात सिंह आहे म्हणून घराबाहेर न पडणारा ‘नीतिसूत्रां’तला आळशी निराळा, त्याचा सिंह कुणी पाहिलेला नसतो, याची करपलेली रोपे साऱ्या गावाने पाहिलेली असतात.

आळसाचा आरोप किती सहज जिभेवर येतो, याचा दाखला शेगावकरांना ठाऊकच आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी येथे प्रकटलेल्या गजानन महाराजांनी अकोलीच्या शिवारात पाणी मागितले, तेव्हा धडधाकट माणसाला पाणी पाजण्यात कसले पुण्य, म्हणून भास्कर पाटलाने त्यांना झिडकारले, अशी कथा दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजया’त आहे. काम न करणाऱ्याने खाऊही नये, हा पौलाचा दंडक भास्कराने न वाचताच अमलात आणला होता! मला त्याचा राग खोटा वाटत नाही. पिण्याचे पाणी गावातून डोक्यावर वाहून आणणाऱ्याला घोटाघोटाचा हिशेब असायचाच. पुढे कोरड्या विहिरीला झरा फुटला आणि हाच हिशेबी गृहस्थ प्रपंचावर पाणी सोडून महाराजांमागे निघाला. त्या घटकेस मात्र त्याने वारा पाहिला नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा धनी मला म्हणूनच अधिक जवळचा वाटतो. दिवस मावळायला आला तरी चव्हाट्यावर रिकामे उभे असलेल्या मजुरांना तो कारण विचारतो. आम्हाला कुणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. आणि तो त्यांची झडती न घेता त्यांना मळ्यात धाडतो, वर संध्याकाळी पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. त्या मजुरांची ही कैफियत महाराष्ट्राच्या कायद्याच्या दप्तरी दाखल होऊन रोजगार हमीचा अधिनियम व्हायला १९७७ साल उजाडले.