वारा कुठून?

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ दुपारी आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकणार होते. सकाळपासून मी शेजारीपाजारी मोबाइलवरचे इशारे वाचून दाखवत होतो. "वारा ताशी 100 ते 110 किलोमीटर." पलीकडच्या आजींनी सुपारी सोलता सोलता विचारले, "कुठनं येणार रे?" मला सांगता येईना. मग त्यांच्या कौलांवर झुकलेला फणस दाखवला. "आजी, हा पडला तर?" त्या मुकाट्याने उठल्या, कंदिलात रॉकेल भरले आणि आमच्या स्लॅबच्या घरात आल्या.

फणस पडला, थेट त्यांच्या माजघरात.

पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. आजींचाच कंदील घेऊन मी घरोघर जायचो. पाणी कुठे मिळते, रस्ता कुठवर मोकळा झाला, एवढेच सांगायचो.