रामटेकचें भाड्याचें घर

रामटेकच्या गडाखालीं आजोबांनीं बांधलेलें आणि पुढें तीस वर्षें भाड्यानें दिलेलें आमच्या एकत्र कुटुंबाचें घर आम्हीं 2025 च्या दिवाळींत 14 लक्षांस विकलें. धाकट्या बंधूंचा हट्ट असा कीं, अर्धे पैसे रोख घ्यावे, म्हणजे कर टळेल. स्थावराच्या व्यवहारांत 20,000 वा अधिक रोख घेतल्यास तितकाच दंड होतो, हें ऐकूनही त्यांनीं आठवडाभर अबोला धरिला. वस्तुतः हा कर किंमतीवर नसून नफ्यावर असतो. घर जुनें, म्हणून 1 एप्रिल 2001 चें मूल्य धरावयाचें. मूल्यमापकानें तें 3 लक्ष ठरविलें. 23 जुलै 2024 पूर्वीं घेतलेल्या घरास, व्यक्ति असो वा एकत्र कुटुंब, दोन वाटा मोकळ्या आहेत: 11 लक्षांच्या नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे 1,37,500, किंवा 376 या महागाईच्या निर्देशांकानें 3 लक्षांचे 11.28 लक्ष करून उरलेल्या 2.72 लक्षांवर वीस टक्के, म्हणजे 54,400. उपकर निराळा. आंकडे पाहून बंधु हंसले.

भाडेकरूंच्या वृद्ध मातोश्री मात्र किल्ली देतांना एवढेंच म्हणाल्या, "नव्या लोकांना तुळशीला पाणी घालायला सांगा हो." तें आम्हीं घेणारांस सांगितलें.