लसीच्या कार्डावरची रिकामी चौकट

जानेवारी २०२२ मधली गोष्ट. थोरला तेव्हा दहावीत होता. ३ तारखेपासून पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना कोरोनाची लस सुरू झाली आणि जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावातही निरोप आला. मी मात्र त्याला घरीच ठेवले. आशाताई दोनदा दारात आल्या. एकदा त्याचे पोट दुखते म्हणाले, एकदा पाहुणे आलेत म्हणाले. खरे कारण निराळे होते. या लसीने पोरांना पुढे मूलबाळ होत नाही, असे कुणीतरी मोबाईलवर पाठवले होते. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली मी बाई. पण हे कोण सांगतो, कशावरून सांगतो, एवढेही विचारले नाही.

त्याच आठवड्यात घोडेगावच्या बाजूने आई आली. तिने सारे ऐकून घेतले आणि माझ्या आधीच्या बहिणीची गोष्ट काढली. मी तिला पाहिलेले नाही. घरात दीक्षा झालेली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. तरी पोरीला गोवर निघाला तेव्हा आजी म्हणाली, ‘बाई आली आहे, दवाखान्यात नेलं तर कोपेल.’ उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला. पोरीला धाप लागली आणि ती गेली.

आई म्हणाली, “तवा आपल्या गावात गोवराची लस नव्हती, बाई. असती तर म्या कुणाचं ऐकलं नसतं. तुझ्या दारात लस आलीया, अन् तू पोराला लपवतीस?”

मला रमाई आठवल्या. बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरे लहानपणीच गेली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. त्या माउलीपाशी ना पैसा होता, ना आजच्यासारखी औषधे. माझ्यापाशी मात्र फुकट मिळणारी लस होती आणि मी सबबी सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन केंद्रात गेले. मनातले सगळे प्रश्न नर्सताईंना विचारले. त्यांनी सांगितले की या लसीत मारलेला विषाणू असतो. तो वेगळा करण्याचे काम आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाले. मूल न होण्याची गोष्ट खोटी आहे. मुलाला एक दिवस ताप आला, दंड दुखला. अठ्ठावीस दिवसांनी दुसरा डोसही झाला.

पण खरा धडा पुढेच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, लेकरे दगावली. बातमी ऐकली आणि मी पेटीतून धाकटीचे लसीचे कार्ड काढले. नऊ महिन्यांचा डोस दिलेला होता. सोळा ते चोवीस महिन्यांमध्ये द्यायच्या गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाची चौकट रिकामी! २०२० च्या टाळेबंदीत तो राहून गेला होता. कोरोनाच्या लसीची भीती घेऊन बसलेल्या मला, ज्या गोवराने माझी बहीण नेली त्याचीच लस आठवली नव्हती. दुसऱ्याच दिवशी डोस दिला.

आता हिवाळा आला की वस्तीतल्या बाया विचारतात, पोरांना दरवर्षी कोरोनाची लस द्यायची का? आपल्याकडे सरकारी वेळापत्रकात तशी लस नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२३ मध्ये निरोगी मुलांना शेवटच्या गटात ठेवले; आधी म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले. मुलाला हृदयाचे किंवा दुसरे जुने दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारावे. मात्र त्याच संघटनेने हेही सांगितले की गोवर, पोलिओसारख्या नेहमीच्या लसींचा मुलांना होणारा फायदा कितीतरी मोठा आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच, की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या. पारखायचे म्हणजे नुसते नाही म्हणून बसायचे नव्हे. विचारायला आधी घराबाहेर पडावे लागते. भगिनींनो, येत्या रविवारी विहारात वंदनेला येताना लेकरांची कार्डे बरोबर आणा. एकमेकींची कार्डे पाहू आणि कुणाची चौकट रिकामी असेल तर सोमवारी मिळून केंद्रात जाऊ.

जय भीम!