बाई, आम्ही हरलो कसे?

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतलाय? हात वर करा पाहू! वा, बरेच दिसताय. मग "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी आज आपणांस चार शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती" हे तुम्हांला झोपेतही म्हणता येत असेल. मलाही येतं. चौथीत असताना भाषणाचा मधला भाग आठवेना म्हणून मी पुन्हा "अध्यक्ष महाशय"पासून सुरुवात केली होती. एकदा नव्हे, तीनदा! अध्यक्ष महाशय शेवटी हसायलाच लागले.

वादविवादाचं तसं नसतं बरं का. तिथे पाठ केलेलं भाषण फारसं उपयोगी पडत नाही, कारण समोरचा काय बोलणार हे आपल्या हातात नसतं. तो बोलेल ते ऐकायचं, त्यातली फट शोधायची आणि उत्तर द्यायचं.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवते आणि राहते कल्याणला. २०१९ साली वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. बँकॉकला झालेल्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत भारताचा संघ पहिला आला होता! अशी काही स्पर्धा असते हेच मला माहीत नव्हतं. ती बातमी कापून मी वहीत ठेवली आणि हळूहळू माहिती जमवायला लागले. ही स्पर्धा १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाली. दरवर्षी वेगळा देश यजमान असतो आणि पन्नासहून अधिक देशांतली शाळेतली मुलं येतात. एका देशाचा एकच संघ. संघात पाचपर्यंत मुलं, पण एका वादात बोलायचं तिघांनी. प्रत्येकाला आठ मिनिटं. शेवटी दोन्ही बाजूंचं चार चार मिनिटांचं समारोपाचं भाषण, आणि त्यात विरोधी बाजू आधी बोलते, म्हणजे ज्यांनी वाद सुरू केला त्यांनीच तो संपवायचा.

मला सगळ्यांत आवडली ती घंटेची गंमत. भाषणाचं पहिलं मिनिट संपलं की घंटा होते आणि सातवं संपलं की पुन्हा. या दोन घंटांच्या मधे समोरच्या संघातला कुणीही उठून उभा राहू शकतो आणि वक्त्याला अडवून प्रश्न विचारू शकतो. वक्त्याने "बसा" म्हटलं तर मुकाट्याने बसायचं, "विचारा" म्हटलं तर विचारायचं. पण कुणालाच विचारू दिलं नाही, तर परीक्षकांना कळतं की हा घाबरला!

पालकांनो, आता तुमच्यासाठी. या स्पर्धेत काही विषय बरेच आधी देतात आणि काही ऐन वेळी. ऐन वेळच्या विषयाला तयारीसाठी फक्त एक तास. त्या तासात खोलीत संघाची मुलं आणि मुलंच. शिक्षक नाहीत, इंटरनेट नाही, आणि मुलाचं भाषण रात्री जागून लिहून देणारे बाबा तर नाहीतच! (माझ्या वर्गातल्या निम्म्या भाषणांचं अक्षर मुलांचं असतं आणि मराठी बाबांचं. ओळखू येतं हो.)

तर ठरवलं, आपणही अशी स्पर्धा भरवायची. मराठीतून, पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आठ शाळा तयार झाल्या. आठाचे चार मिनिटं केलं, तासाचा अर्धा तास केला, समारोपाची भाषणं गाळली. खोलीत एक शब्दकोश आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र एवढंच ठेवलं. बाजू कोणती घ्यायची ते नाणं उडवून ठरवायचं. यावर आमच्याच संघातल्या एका मुलाने मला अडवलं. "बाई, मला जे पटत नाही ते मी बोलायचं? म्हणजे तुम्ही मला खोटं बोलायला लावताय?" मी म्हटलं, "खोटं नको बोलूस. ज्यांना ते पटतं, त्यांना ते का पटतं ते शोधून काढ." तो विचार करत गेला. त्याचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही.

आयोजन म्हणजे काय असतं ते मला त्या रविवारी कळलं. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला ते आठवलं शनिवारी रात्री साडेदहाला! ठाण्याचे दोन संघ पाऊण तास उशिरा आले. परीक्षकांना शाळा कळू नयेत म्हणून मी मोठ्या हौशीने प्रत्येक संघाला रंगीत फिती दिल्या होत्या. लाल, निळी, पिवळी... आणि मुलं आली ती आपापल्या शाळेचे गणवेश घालून! फितींचा उपयोग काय, सांगा. पण एक नियम मात्र मी जागतिक स्पर्धेतून जसाच्या तसा उचलला होता. तिथे परीक्षकाला आपल्या देशाच्या संघाचा वाद तपासता येत नाही, इथे शिक्षकाला आपल्या शाळेचा. मी स्वतः तर कुठल्याच वादाला परीक्षक नव्हते.

दुपारी अंतिम फेरी झाली. लाल फीत आमच्या शाळेची, निळी ठाण्याच्या एका शाळेची. विषय ऐन वेळचा: 'लोकलमध्ये विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र डबा असावा.' अहो, काय रंगला तो वाद! दप्तरासकट चढताना काय होतं ते लालच्या मुलीने हातवारे करून दाखवलं, तेव्हा मागे बसलेले पालक हसून हसून दमले. मग निळ्या संघातली मुलगी उठली. सातवीतली, दोन वेण्या, आवाज बारीक. तिने विचारलं, "एक डबा आम्हांला दिलात, तर त्या डब्यातली माणसं कुठे जातील? पुढच्या डब्यात. मग त्या डब्याच्या दारात लटकणारा माणूस कुणाचा तरी बाबा असेल ना?" हॉल एकदम गप्प झाला.

निकाल लागला. लाल संघ पहिला. आमची मुलं नाचली, मीही टाळ्या वाजवल्या. निकाल उघड असावा म्हणून तिन्ही परीक्षकांच्या गुणांचा तक्ता मी सूचनाफलकावर लावला. ढाल, फोटो, वडापाव, सगळं झालं. हॉलमधल्या खुर्च्या उचलत होतो, तेवढ्यात ती दोन वेण्यांची मुलगी समोर आली. मागे तिचे बाबा उभे, "चल गं, गाडी चुकेल" म्हणत.

"बाई, पहिल्या सरांनी आम्हांला २१६ दिलेत आणि त्यांना २१३."

"हो."

"दुसऱ्या बाईंनी आम्हांला २०८, त्यांना २०६."

"बरोबर."

"म्हणजे तिघांतल्या दोघांनी आम्हांला जास्त दिलेत. मग बाई, आम्ही हरलो कसे?"

मी म्हटलं, "अगं, तिसऱ्या सरांनी तुम्हांला १९० दिलेत आणि त्यांना २०४. तिघांची बेरीज कर. तुमची ६१४, त्यांची ६२३."

तिने बोटांवर बेरीज करून पाहिली. मग म्हणाली, "पण बाई, भांडण सोडवायला तीन माणसं बोलावली आणि दोघांनी एकच सांगितलं, तर आपण कुणाचं ऐकतो?"

मला उत्तर सुचेना. त्यांची गाडी खरंच चुकत होती. ती गेली.

त्या रात्री मी पुन्हा माझी वही उघडली. जागतिक स्पर्धेचे नियम मी त्यात उतरवले होते, पण उतरवताना एक गोष्ट नुसतीच वाचून सोडून दिली होती. तिथे वाद जिंकतो तो बेरजेने नाही. प्रत्येक परीक्षक, दुसऱ्याशी चर्चा न करता, आपल्या कागदावर कोण जिंकलं ते ठरवतो. त्याचं एक मत. तिघांतली दोन ज्याला मिळाली तो जिंकला. गुण देतानासुद्धा एका भाषणाला साधारण ६० ते ८० मधलेच द्यायचे, असं बंधन असतं.

असं का, ते पाहा. कुणाचा हात सैल असतो, कुणाचा आखडता. आमच्या पहिल्या दोघांनी सगळ्यांना सत्तरच्या आसपास गुण दिले होते. तिसऱ्या सरांची फूटपट्टी लांब होती. आवडलं नाही तर थेट पंचावन्न, आवडलं तर पंचाहत्तर. त्यांनी अन्याय केला का? मुळीच नाही. त्यांना मी शंभरपैकी गुण द्या असंच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मनापासून दिले. पण बेरीज केली की लांब फूटपट्टीवाल्याचं एक मत दोन मतांना भारी पडतं. चूक फूटपट्टीची नव्हती, बेरजेची होती. आणि बेरजेचा नियम माझा होता. का केला? आपल्याकडे सगळ्या स्पर्धांत तसाच असतो म्हणून!

सोमवारी मी मुख्याध्यापिकाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी परिपत्रक काढून पुढे ठेवलं. "तिन्ही परीक्षकांच्या गुणांची बेरीज अंतिम राहील, असं तूच लिहिलंयस. खेळ झाल्यावर नियम बदलतात का?" त्यांचं बरोबर होतं. समजा निकाल उलट असता, आमची शाळा बेरजेने हरली असती आणि मग मी म्हटलं असतं, "थांबा, नियमच चुकलाय," तर तुम्ही मला काय म्हटलं असतं?

पण मधल्या सुट्टीपर्यंत गोष्ट वर्गात पोचली होती. एक मुलगा म्हणाला, "बाई, ढाल सहा महिने आपल्याकडे आणि सहा महिने त्यांच्याकडे ठेवू या." मला ते आवडलं. तेवढ्यात आमच्या संघातली, तीच दप्तराचे हातवारे करणारी, रडायलाच लागली. "आम्ही काय कॉपी केली होती का?" तिचंही खोटं नव्हतं. नियम आधी सांगितला होता, ती त्या नियमाने जिंकली होती. एका मुलीवरचा अन्याय दूर करायला दुसरीच्या हातातली ढाल काढून घ्यायची?

ढाल आमच्याकडेच राहिली. अजून कार्यालयातल्या कपाटावर आहे. मी निळ्या संघाच्या शाळेला पत्र लिहिलं आणि एक वेगळं त्या मुलीला: 'तुझा प्रश्न बरोबर आहे. नियम मी विचार न करता केला होता. निकाल बदलणार नाही, नियम बदलण्याचा प्रयत्न करीन.' पत्र टाकलं आणि वाटलं, सातवीतल्या मुलीला याचा काय उपयोग? पुढच्या वर्षी ती आठवीत. आमची स्पर्धा सातवीपर्यंतच! तिला काही पुन्हा संधी मिळणार नव्हती.

पुढच्या दिवाळीनंतर आठही शाळांची बैठक घेतली. जागतिक स्पर्धेच्या कारभारात प्रत्येक देशाला एकच मत असतं, देश केवढाही असो. आम्हीही तसंच केलं. दोन हजार मुलांच्या शाळेला एक मत आणि दोनशे मुलांच्या शाळेलाही एकच. मी नियम मांडला. एक सर लगेच म्हणाले, "मग एखादा संघ दोघांकडे एकेका गुणाने मागे आणि तिसऱ्याकडे वीस गुणांनी पुढे असला, तरी तो हरणार. हा अन्याय नाही?" खरं सांगू, या प्रश्नाला माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी एवढंच म्हटलं, की एकेका गुणाने का होईना, त्या दोघांनी नीट ऐकून ठरवलंय, आणि तिसऱ्याला ते दोघांच्या वर बसून पुसता येऊ नये. मतदान झालं. सहा विरुद्ध दोन. नियम बदलला. गुण उरले फक्त उत्कृष्ट वक्त्याच्या बक्षिसापुरते, तेही ६० ते ८० मधले.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी फोन आला. "बाई, मी बोलतेय. मला भाग घेता येणार नाही, पण मी वेळ लावायला येऊ का? माझ्याकडे स्टॉपवॉच आहे."

मी म्हटलं, "ये."

ती आली. (मेगाब्लॉक होता, पण या वेळी मी सगळ्यांना आधीच कळवलं होतं.) तिला टेबलावरची पितळी घंटा दिली. पहिल्या मिनिटाला एकदा, तिसऱ्याला एकदा आणि चौथ्याला दोनदा. अंतिम फेरीत या वर्षीही आमची शाळा होती, आणि बोलत होता तोच, 'खोटं बोलायला लावताय?' विचारणारा. सुंदर बोलत होता. शेवटच्या वाक्याला आला, आवाज चढवला, एक हात वर केला, आणि टण् टण्! वाक्य अर्धंच राहिलं. त्याने रागाने तिच्याकडे पाहिलं. तिने काही न बोलता घड्याळ उचलून त्याच्याकडे वळवलं. चार मिनिटं आणि वर एक सेकंद.

परीक्षकांनी आपापले कागद घडी घालून माझ्या हाती दिले. निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. संध्याकाळी सूचनाफलकाशी ती बराच वेळ उभी होती. बोटांवर काहीतरी मोजत होती. मग पिशवी खांद्याला लावली, घंटा माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, "येते बाई. ठाणा लोकल आहे."

"तक्ता पाहिलास? बरोबर आहे ना?"

"निकाल बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त तिसऱ्या ओळीतली बेरीज दोनाने चुकलीय. मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय."