दुधी का गळतो

हुपरी,
रंगपंचमी

चि. सोनू हिला काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो बघितला. बोटाएवढा दुधी पिवळा पडून गळलेला, आणि खाली तुझा प्रश्न, "काकू, खत कमी पडलं का?" त्याच दिवशी तू वसंतातल्या बागकामाची ती विलायती यादीही धाडलीस. बर्फ वितळल्यावर काय पेरायचं त्याची! इथं काल सकाळी गच्चीवर घातलेले सांडगे दिवस मावळायच्या आत खडखडीत वाळले. आपला वसंत हा असा. त्यांना ऊन हवंहवंसं, आपल्याला ते चुकवायचं. फोनवर एवढं टाइप करणं माझ्या बोटांना जमायचं नाही, म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी दुधी. दोष खताचा नाही. एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन तऱ्हेची फुलं असतात. मादी फुलाच्या मागं आधीपासूनच चिमुकला दुधी असतो. परागकण पोचले तर तो वाढतो, नाही तर गळतो. आणि हे पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, त्यावर येतात रात्रीचे पतंग. तुझ्या सातव्या मजल्यावर ते कुठून येणार? तू बघतेस सकाळी चहा घेताना, तोवर फूल मलूल झालेलं. दिवेलागणीला नर फूल देठासकट तोड, पाकळ्या मागं सार आणि मधला दांडा मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरव. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. दोडकाही संध्याकाळचाच. घोसाळं त्याचं सख्खं भावंड, पण ते उमलतं सकाळी. घराघरात असतंच की असं. कारली, काकडी, लाल भोपळा हेही सकाळचे, नवाच्या आत उरकायचं.

टोमॅटोची तऱ्हा निराळी. त्याचे पराग नळीत कोंडलेले. भुंगा किंवा ती निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून अंग थरथरवते, तेव्हा ते झडतात. आपल्या सातेरी मधमाशीला ही विद्या येत नाही. माशी नसेल तर दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाला टिचकी मार, पुरे.

आता कुंड्या. विकत आणू नकोस हे तर सांगणारच, पण मिळेल ते डबडं उचलू नकोस हे आधी सांगते. आपलं गाव पैंजणांचं. इथं भट्टीची राखही कुणी टाकत नाही. झारेकरी ती धुऊन चांदीचा कण न् कण काढतो. तीच सवय मला. कारखान्यातले रिकामे कॅन बघितले आणि हात शिवशिवले. एक निळा कॅन कापला, दोनदा धुतला, त्यात टोमॅटो लावला. आठ दिवसांत पानं कडेनं करपली. तुझे काका म्हणाले, "अगं, त्यात नायट्रिक होतं." चांदी शुद्ध करायला ते ॲसिड लागतं, मुलाम्याच्या कामात सायनाइडचे क्षार असतात. रोप मेलं ते बरंच झालं. जगलं असतं तर आपण टोमॅटो खाल्ले असते. तेव्हापासून माझा नियम एकच. ह्यात आधी काय होतं, हे ठाऊक नसेल तर त्यात फूलझाडसुद्धा नाही. तेलाचा पंधरा किलोचा डबा, साखरेचं पोतं, दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या चालतील. कीटकनाशकाचं काहीही, अगदी बूचसुद्धा, नको.

पत्र्याचा डबा चैत्रात हाताला चटका देतो, मग मुळांचं काय होत असेल? त्याला गोणपाट गुंडाळ, खाली विटा दे. भोक बुडाला न पाडता बाजूला, बुडापासून दोन बोटं वर पाड. खाली थोडं पाणी शिल्लक राहतं, सुट्टीला गेलीस तरी दोन दिवस निभावतात. करवंटीत आणि पिशवीत फक्त रोपं करायची.

आणि माती भरू नकोस. म्हणजे फार भरू नकोस. एक घनफूट ओली माती पन्नास किलोच्या आसपास जाते, बाल्कनी तुझी आहे. ह्यावर उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलं. श्रीपाद अच्युत दाभोलकर गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवायचे. त्यांनी उन्हाचा आणि पानांचा हिशेब मांडला आणि 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यांचंच बघून मुंबईच्या रमेश दोशींनी गच्चीवर उसाची चिपाडं भरून भाजी पिकवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरावरही तशीच बाग झाली. गंमत बघ, चिपाडं आपली आणि बाग मुंबईत!

इथं आत्ता ऊसतोड संपत आली आहे, शेतात पाचट पडलेलं आहे, आणि अजूनही लोक ते पेटवतात. मी दोन पोती आणून ठेवलीत. करायचं असं: दहा लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस ठेव, रोज दोन-तीनदा ढवळ. चौथ्या दिवशी दहापट पाणी घाल आणि पाचट त्यात एक दिवस भिजव. मग पोत्यात तुडवून भर, वर चार बोटं माती आणि शेणखत. महिन्याभरात खाली बसतं, वर आणखी घालायचं. वासाबद्दल शेजारी विचारतील. गूळ कोल्हापूरचा आहे म्हणून सांग.

माश्यांचं म्हणशील तर आमच्याकडं नवल आहे. चारी बाजूंनी हिरवंगार, पण उसाचं. तो गवताच्या जातीचा, परागाचं काम वाऱ्यावर भागवणारा. मधमाशीला त्यात काय? म्हणून त्या रसवंतीवर येतात आणि तिथंच चिकटून मरतात. मला ते बघवत नाही. तिकडं पाटगावला मधाचं गाव झालं, कारण त्यांच्यामागं जंगल आहे. आपण निदान गच्चीवर झेंडू, झिनिया, सूर्यफूल लावावं. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नकोस. कोथिंबीर उन्हानं फुलावर आली की उपटू नकोस. धण्याच्या पांढऱ्या फुलांवर इतक्या बारीक माश्या येतात की चष्मा लावून बसावं लागतं. ताटलीत खडे ठेवून पाणी घाल, म्हणजे त्या बुडत नाहीत. निंबोळी अर्क मारायचाच तर दुधी-दोडक्यावर सकाळी, बाकीच्यांवर संध्याकाळी.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नकोस. तो सुरवंट आहे, पुढं हिरवा होतो. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अशी बरीच फुलपाखरं वाढतात. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेलं निळं-काळं ब्लू मॉर्मनही त्यातलंच. आमटीला चार पानं कमी पडली तर पडली.

पाडव्याला येशील तेव्हा पाचटाचं एक पोतं बांधून देते. गाडीत कचरा पडेल, आधीच सांगून ठेवते. दोडक्याचं बी गेल्या वर्षीच्या फळाचं धरलंय, तेही देईन.

तुझी,
काकू

ता. क. : फुलाला हात लावायची वेळ दिवेलागणीची, आणि तुझं ऑफिस सुटतं आठला. जावईबापूंना शिकवून ठेव. चहा पिता पिता तेवढं जमेल त्यांना.