वस्तू आपली, हुकूम दुसऱ्याचा



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी आता ‘स्मार्ट’ वस्तू आल्या आहेत. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला, मुलगी परदेशात आणि गावी आपण दोघं, सोबत घरातलं एखादं वडीलधारं माणूस. मुलांना काळजी वाटते. मग एका दिवाळीला मोबाइलवर चालणारे दिवे येतात, पुढच्या दिवाळीला दारावर कॅमेरा, त्यानंतर बोटाच्या ठशानं उघडणारं कुलूप. सोय होते, हे आधीच सांगते. माझा या वस्तूंवर राग नाही. पण त्या एका निराळ्याच तऱ्हेनं बंद पडतात आणि दुकानात ते कुणी सांगत नाही, म्हणून आज हा विषय.

मिक्सर बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, जळका वास येतो. गिझरचं पाणी आधी कोमट यायला लागतं. वस्तू म्हातारी होते आणि तसं आपल्याला कळवतेही. स्मार्ट वस्तू मात्र रात्री ठणठणीत असते आणि सकाळी गप्प. पडलेली नसते, भिजलेली नसते, व्होल्टेजही वाढलेलं नसतं. रात्रीतून कंपनीनं तिला एक ‘अपडेट’ पाठवलेलं असतं, एवढंच.

आमच्याकडे यंदा माघात हे झालं. मुलानं २०१८ मध्ये घरात हब बसवला होता. हब म्हणजे सगळे दिवे आणि सेन्सर इंटरनेटशी जोडणारी एक पांढरी डबी. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. पहाटे चारला सामायिकाला उठतात. त्यांनी खोलीबाहेर पाऊल टाकलं की पॅसेजमधला दिवा आपोआप लागायचा. सात वर्षं तो एकदाही चुकला नाही, त्यामुळे त्यांनी बॅटरी जवळ ठेवणं कधीच सोडून दिलं होतं. आणि दिवा आपोआप लागतो म्हटल्यावर पॅसेजचं बटण वायरमननं तेव्हाच काढून तिथं कोरी पट्टी बसवली होती.

त्या पहाटे दिवा लागला नाही. मला जाग आली तेव्हा त्या अंधारात भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, “अगं, आज दिवा उठला नाही वाटतं.” पडल्या नाहीत, एवढं नशीब. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दिवा चांगला होता. सेन्सरही चांगला होता. दोघांच्या मधला हब तेवढा लाल डोळा मिचकावत बसला होता. कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, रात्री अपडेट गेलंय, पण हे मॉडेल जुनं आहे, आता सपोर्टमध्ये नाही. नवीन घ्या, पंधरा टक्के सूट देतो.”

मी मुलाकडून आणि पुतण्याकडून हे प्रकरण नीट समजून घेतलं. प्रत्येक स्मार्ट वस्तूच्या पोटात तिनं कसं वागायचं याची आज्ञावली लिहिलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. अपडेट येतं म्हणजे ती पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाते. लिहिता लिहिता वीज गेली, फाइल चुकीची निघाली किंवा नवी आज्ञावली जुन्या यंत्राला झेपली नाही, तर सुरू कसं व्हायचं हेच त्या वस्तूला आठवत नाही. या लोकांच्या भाषेत वस्तूची ‘वीट’ होते. चांगल्या यंत्रात आज्ञावलीच्या दोन प्रती ठेवतात, नवी बिघडली तर जुनीवर परत येता येतं. पण जुन्या आणि स्वस्त यंत्रांत तेवढी जागाच नसते. शिवाय कंपनीत सगळं लक्ष नव्या मॉडेलवर, जुन्याची तपासणी उरकती. म्हणून फटका बहुतेक वेळा जुन्यालाच बसतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये लॉकस्टेट कंपनीनं एका मॉडेलसाठी असलेलं अपडेट चुकून दुसऱ्याच मॉडेलच्या कुलपांना पाठवलं. सुमारे ५०० कुलपं निकामी झाली. त्यांतली बरीच पाहुण्यांना घर भाड्यानं देणाऱ्यांची होती, म्हणजे पाहुणा दारात उभा आणि आकडे दाबून दार उघडत नाही. इंटरनेटवरून दुरुस्त करावं, तर कुलपांचा इंटरनेटशी संबंधच तुटलेला. शेवटी लोकांना कुलपाचा भाग काढून कंपनीकडे पाठवावा लागला, नाहीतर नव्या कुलपाची वाट पाहावी लागली. त्याच्या आधी, जानेवारी २०१६ मध्ये, नेस्टच्या थर्मोस्टॅटचं असंच झालं होतं. थर्मोस्टॅट म्हणजे घराची उष्णता सांभाळणारं यंत्र. डिसेंबरच्या अपडेटमधल्या दोषामुळे त्याची बॅटरी उतरली आणि ऐन हिवाळ्यात लोकांची घरं गार पडली. बिचारे कुडकुडत उठले.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसपेक्षा जास्त वर्षं झाली, पण घसाऱ्याचा धडा अजून लक्षात आहे. यंत्र विकत घेतलं की त्याचं आयुष्य ठरवायचं आणि दरवर्षी किंमत तेवढी कमी करत जायची. किंमत कमी होण्याची दोन मुख्य कारणं आम्हाला शिकवली होती. एक म्हणजे वापरानं होणारी झीज, आणि दुसरं कालबाह्यता, म्हणजे बाजारात त्याहून चांगलं यंत्र येणं. आता मला तिसरं कारण लिहावंसं वाटतं: विकणाऱ्याचा हात. वस्तू विकून पैसे घेतल्यावरही तो हात तिच्या आत राहतो. तो चांगल्यासाठीही फिरतो आणि वाईटही करून जातो. आपल्या खतावणीत मात्र वस्तू पूर्ण आपल्या नावावर असते.

“मग अपडेट बंदच करून टाकू,” असं आमचे हे लगेच म्हणाले. तेही बरोबर नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातले घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठा हल्ला केला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. कंपनीनं घातलेला सोपा पासवर्ड तसाच राहिल्यामुळे ते फावलं. अपडेट न घेणं म्हणजे मागचं दार उघडं टाकून झोपणं. तेव्हा अपडेट घ्यायचंच, पण ते फसलं तर घर अडणार नाही अशी सोय ठेवून.

मुलानं फोनवर लगेच सांगितलं, “आई, नवा हब दोन दिवसांत येईल. आजीचा दिवा पुन्हा चालू.” मी विचारलं, “हा किती वर्षं चालेल?” त्यानं शोध शोध शोधलं आणि म्हणाला, “तसं लिहिलेलं नाहीये.” हे एकाच कंपनीचं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नोव्हेंबर २०२४ मध्ये १८४ स्मार्ट वस्तू तपासल्या, तर जवळजवळ ८९ टक्के वस्तूंच्या बाबतीत अपडेट किती वर्षं मिळणार हे कंपनीच्या वेबसाइटवर सापडलंच नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ही किमान मुदत सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपण लोणच्याच्या बाटलीवरची तारीखसुद्धा चष्मा लावून वाचतो. आणि दाराच्या कुलपाची तारीख विचारत नाही.

मुलाला वाईट वाटलं, ते मला आवाजावरून कळलं. त्याला वाटलं, आई आपली सेवाच नाकारते आहे. लांब राहणाऱ्या मुलांची ही एक वेदना असते. स्वतःला येता येत नाही, म्हणून ती वस्तू पाठवतात. मी त्याला म्हटलं, “बाळा, दिवा तुझाच राहू दे. फक्त त्याचं बटण आजीच्या हाताला लागेल असं कर.” थोडा वेळ तो बोलला नाही. मग स्वतःच वायरमनला फोन करून समजावून सांगितलं.

वायरमननं अर्ध्या दिवसात पॅसेजला टू-वे बटण बसवलं, एक सासूबाईंच्या दाराशी आणि एक बाथरूमपाशी. पलंगाजवळ वीज गेल्यावर लागणारा साधा इमर्जन्सी दिवा ठेवला. इकडे मी कंपनीला लिहिलं की वस्तू झिजून नव्हे, तुमच्या अपडेटनं बंद पडली आहे. बिल जोडलं, लाल दिव्याचा फोटो जोडला. उत्तर आलं नाही म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी दुरुस्त केलेला एक हब घरी आला. तो आता दाराचा कॅमेरा आणि ओट्यावरचे दिवे चालवतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ओट्यावरचा दिवा लागतो, जेवणं उरकायची आठवण होते. ते एक दिवस चुकलं तरी आपल्याला घड्याळ पाहता येतं. पॅसेज मात्र बटणावरच ठेवला आहे.

या सगळ्यातून ज्या गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या, त्या तुमच्यासाठी:

१. जिथं अडलं तर जिवाला धोका आहे, तिथं साधी सोय आधी हवी. कुलपाला खरी किल्ली हवी, आणि ती शेजारी किंवा नात्यात एकीकडे दिलेली असावी. दिव्याला भिंतीवर बटण, गिझरला हातानं बंद करायचा स्विच. इंटरनेट बंद करून एक संध्याकाळ घर चालवून बघा, काय अडतं ते लगेच कळेल.

२. अपडेटची वेळ निवडता येत असेल, तर सगळे घरी असताना आणि दिवसा घ्या. गावाला किंवा तीर्थयात्रेला निघायच्या आदल्या रात्री नको. आपल्याकडे वीज जाते, तेव्हा राउटर आणि हब इन्व्हर्टरवर असलेले बरे.

३. वस्तू बंद पडली की पुतण्या नाहीतर शेजारचा मुलगा लगेच ‘फॅक्टरी रिसेट’ करायला धावतो. थांबवा त्याला. मार्च २०२५ मध्ये गूगलची जुनी, दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रं जगभर एकदम बंद पडली. टीव्हीला लावायची ती छोटी यंत्रं. त्यांच्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. कंपनीनं रिसेट करू नका असं सांगितलं आणि काही दिवसांत दुरुस्तीचं अपडेट पाठवलं. ज्यांनी घाईनं रिसेट केलं होतं, त्यांचा त्रास वाढला. अॅपलच्या होमपॉड स्पीकरच्या वेळी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, सल्ला हाच होता. आधी कंपनी काय म्हणते ते पाहा, मग हात लावा.

४. वॉरंटी संपली म्हणून गप्प बसू नका. त्याच ऑक्टोबरमध्ये गूगलचे काही होम आणि होम मिनी स्पीकर अपडेटनं निकामी झाले, तेव्हा कंपनीनं वॉरंटी संपलेलेही बदलून दिले. विचारणाऱ्यालाच मिळतं. बिल, मॉडेल नंबर आणि घेतल्याची तारीख एका पाकिटात ठेवा.

५. घेताना तीन प्रश्न विचारा: अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार? इंटरनेट नसताना चालते का? कंपनी बंद झाली तर वस्तूचं काय? उत्तर लेखी मागा. दुकानदाराला माहीत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

६. जे खरंच गेलं ते भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. उघड्यावर जाळलेल्या सर्किटचा धूर माणसांना आणि जिवाजंतूंना दोघांनाही विषारी. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावरही आहे. अधिकृत संकलन केंद्रातच द्या.

परिग्रहाबद्दल आपण प्रवचनात ऐकतो, तेव्हा कपाटातल्या साड्या आणि दागिने डोळ्यांपुढे येतात. पण परिग्रहाचं मूळ संख्येत नाही, आसक्तीत आणि परावलंबनात आहे, हे मला या डबीनं जास्त स्पष्ट दाखवलं. एक हब मेला तेव्हा घरातले सगळे धडधाकट दिवे आणि सेन्सर टाकून नवा संच घ्या, असाच सगळ्यांचा सूर होता. म्हणजे एका वस्तूची गरज दहा वस्तू घरात आणते, आणि एकीचं मरण दहा वस्तू बाहेर फेकायला लावतं. आपण मर्यादा घालायची ती इथंच. वस्तू किती आहेत हे तर मोजायचंच, पण त्यांतल्या किती वस्तूंवाचून आपलं अडतं तेही मोजायचं.

सासूबाईंना यातलं फर्मवेअर वगैरे मी सांगत बसले नाही. नव्या बटणावर अंधारात दिसणारा छोटा हिरवा ठिपका आहे, तो त्यांना फार आवडला. परवा त्यांच्या मैत्रिणीला सांगत होत्या, “आमच्याकडे आता नवीन पद्धत आलीये. आपण दाबलं की लागतो.”

जय जिनेंद्र.