चिंचेचं सूप आणि सिरक्यातली कोंबडी

दुबईला धाकट्या भावाकडे गेलो. दुसऱ्याच संध्याकाळी तो म्हणाला, "आज फिलिपिनो हॉटेलात जेवू." आम्ही नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. "तिथं डुक्कर शिजत असेल ना?" तोंडातून निघूनच गेलं.

प्रश्न चुकीचा नव्हता. फिलिपाईन्समध्ये डुकराचं मांस सर्रास खातात. पण या प्रश्नाला जुना काटा होता. तीन वर्षांपूर्वी धाकटा तापाने फणफणला, तेव्हा खोलीवरच्या फिलिपिनो साथीदाराने त्याला सूप करून पाजलं. धाकट्याने कौतुकाने फोनवर सांगितलं आणि आम्ही त्याला झापलं, "कुणाच्याही हातचं खातोस? भांडी कसली असतील त्यांची!" त्यानंतर जेवणाचा विषय त्याने आमच्याशी काढलाच नाही.

हॉटेल करामा भागात होतं. दारावर हलालची पाटी. तरी आम्ही वाढणाऱ्या मुलीला विचारलंच. ती हसून म्हणाली, "सगळं हलाल आहे, डुकराचं इथं आणतच नाही." दिवसातून दहादा सांगत असावी.

बिस्मिल्ला करून सिनिगांगचा पहिला चमचा घेतला. चिंचेच्या कोळाचं पातळ, गरम सूप; त्यात कोळंबी, मुळा, भेंडी, पालेभाजी. ना खोबरं, ना मसाला, पण आंबटपणा अगदी आपल्या कोकणातला. मग भातासोबत चिकन अदोबो आलं. सिरका, सोया सॉस, लसूण, तमालपत्र, काळी मिरी यांत शिजवलेली कोंबडी. सिरक्याला पैगंबरांनी (स.) उत्तम सालन म्हटलंय, आपल्या घरात मात्र त्याची बाटली कपाटात मागे पडलेली असते. खरं सांगायचं तर अदोबो आम्हाला जरा खारट लागलं. शेवटी हालो-हालो, म्हणजे 'कालवा-कालवा'. बर्फाचा चुरा, दूध, फणस, जांभळा कंद आणि चक्क गोड राजमा! राजमा आम्ही बाजूला काढला, मुलांनी तोही संपवला.

"तापात प्यालास ते सूप हेच का?" आम्ही हळूच विचारलं.

"हेच. फक्त कोळंबीऐवजी कोंबडी. हलाल दुकानातून आणली होती त्याने. पातेलंसुद्धा नवं घेतलं माझ्यासाठी."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकून कुठं घेतलंत?"

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आम्ही म्हटलं, "शुक्रवारी त्याला जेवायला बोलव. बिर्याणी आम्ही करतो."

"बोलावतो. पण मिरची बेताने घाला, त्याला सोसत नाही."